मिस्त्री चांगला, सुतार चांगला, मग घर का अडलंय?

पत्र (लांब होतं, थोडं कापलंय):

"ताई, आमचा डोंबिवलीत टू बीएचके आहे, बिल्डिंग १९९४ ची, तिसरा मजला. फेब्रुवारीच्या मध्यात रिनोव्हेशन सुरू केलं. नऊ लाखांत आणि ७५ दिवसांत सगळं, असं ठरलं होतं. कॉन्ट्रॅक्टर मिस्टरांच्या मित्राचा चुलतभाऊ, त्यामुळे लेखी काही नाही, एका कागदावर फक्त टोटल लिहिलीय. आम्ही बाजूच्या गल्लीत १७ हजार भाड्याने राहतोय. आता जून लागला. बाथरूमच्या टाइल्स लावून झाल्यावर लक्षात आलं की गीझरचा पॉइंटच राहिलाय, परत फोडल्या, ३१ हजार गेले. वॉर्डरोबचं लॅमिनेट चुकीचं आलं, १२ हजार. होळीला सुतार गावी गेले ते २२ दिवसांनी उगवले. किचनची चिमणी येऊन पडलीय, भिंतीला होल नाही. बेडरूमच्या खिडकीला प्लास्टिक बांधलंय. खालच्या काकू म्हणतात त्यांच्या छताला ओल आलीय, सोसायटी काम बंद करायची भाषा करतेय. साडेसहा लाख देऊन झालेत. आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, साइटवर कायम माणूस पाहिजे असेल तर दहा टक्के सुपरव्हिजन वेगळं द्या. मिस्टर म्हणतात ते पैसे फुकट जातील. सासरे म्हणतात आम्ही संगमेश्वरला घर बांधलं तेव्हा कुठला मॅनेजर होता. मी बँकेत आहे, आत्तापर्यंत १४ सुट्ट्या गेल्या. गणपती स्वतःच्या घरात बसवायचाय. सांगा, दहा टक्के द्यायचे का?"

अगं, दहा टक्क्यांचं सांगते, पण आधी खिडकी.

जून लागलाय आणि तू बेडरूमच्या खिडकीला प्लास्टिक बांधून मला सुपरव्हिजनचं विचारतेयस. पहिला मोठा पाऊस तिरका आला की ते प्लास्टिक फडफडत आत येणार, आणि आत काय आहे, तर नवीन वॉर्डरोबचं प्लाय आणि ओली पुट्टी. उद्या सकाळी अॅल्युमिनियमवाल्याला फोन कर. तो विचारेल की खिडकीची ग्रॅनाइटची चौकट बसलीय का, कारण चौकट बसल्याशिवाय तो माप घेत नाही, आणि माप घेतल्यावर पण सेक्शन (अॅल्युमिनियमच्या पट्ट्या) कापून, काच लावून आणायला त्याला आठ-पंधरा दिवस लागतातच. चौकट बसली नसेल तर गवंड्याचं उद्याचं पहिलं काम ते, बाकी सगळं थांबलं तरी चालेल. आणि तोपर्यंत प्लास्टिक नको, बाहेरच्या बाजूने ताडपत्री लावून घे, वरून नीट आवळून.

आता बघ, ही एकच खिडकी घे. गवंड्याला वाटत होतं सुतार काहीतरी करतोय म्हणून तिकडे जायचं नाही, सुताराचा खिडकीशी काही संबंध नाही, अॅल्युमिनियमवाल्याला कुणी बोलावलंच नाही, आणि कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या साइटवर. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, त्यात एकाही कारागिराच्या हातकामाबद्दल तक्रार नाही. टाइल्स वाकड्या लागल्या असं तू लिहिलेलं नाहीस, दारं घासतात असं नाही. म्हणजे माणसं बरी आहेत. तुझं घर अडलंय ते एक माणूस जातो आणि दुसरा येतो त्या मधल्या जागेत. गीझरचा पॉइंट प्लंबर आणि वायरमन यांच्या मधे पडला. चिमणीचं होल गवंडी आणि चिमणीवाला यांच्या मधे. ओल बहुतेक वॉटरप्रूफिंगवाला आणि टाइल्सवाला यांच्या मधे. त्या मधल्या जागेची काळजी घेणं, त्यालाच प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात, नाव मोठं आहे पण काम असलंच बारीकसारीक असतं.

आता पैशाचं. हिशोब मांडून बघूया, तू बँकेत आहेस, तुला आवडेल. घर एप्रिलअखेर मिळायचं होतं. मे आणि जूनचं जादा भाडं ३४ हजार, गणपतीला गृहप्रवेश धरला तर अजून तीन महिने म्हणजे ५१ हजार. भाड्याचेच ८५ झाले. बाथरूमचे ३१ आणि लॅमिनेटचे १२ धरले की १ लाख २८ हजार. आणि नऊ लाखांचे दहा टक्के म्हणजे ९० हजार. मग सरळ वाटतं की अरे, दिले असते तर ३८ हजार वाचलेच असते.

पण मी तुला असं खोटं सांगणार नाही. सुपरव्हायझर ठेवला म्हणून सुतार होळीला गावी जायचे थांबत नाहीत. निम्मं नुकसान जरी त्याने वाचवलं असतं तरी ६४ हजार, म्हणजे ९० देऊन ६४ वाचवले. वर तुझ्या १४ सुट्ट्या आणि घरातली भांडणं, त्याची किंमत तू लाव. तेव्हा टू बीएचकेच्या कामाला कायम माणूस परवडतोच असं मी म्हणणार नाही. मोठा बंगला असेल, तुम्ही परदेशात असाल, म्हातारे आईवडील एकटे असतील, तर डोळे झाकून द्यावे.

आणि तुझ्या बाबतीत तर या माणसाला अजिबात देऊ नकोस. साइट बघणं हे कॉन्ट्रॅक्टरचंच काम आहे, त्याचे पैसे त्या नऊ लाखांत धरलेले आहेत, नाहीतर तू थेट गवंडी, सुतार, प्लंबर असे सुटे नसते का लावले? शिवाय त्याच्याच कामावर त्याचाच माणूस लक्ष ठेवणार. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या असं मी म्हणत नाही, माणूस चोर नसेल, पण त्याचा पगारी माणूस तुला येऊन सांगेल का की मालकाने वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात मारलाच नाही?

त्यापेक्षा एखादा बाहेरचा सिव्हिल इंजिनियर शोध, हल्लीच रिटायर झालेला असेल तर उत्तम, आणि त्याच्याशी महिन्याचं नाही तर व्हिजिटचं ठरव. आठवड्यातून एकदा, आणि चार ठरावीक वेळा हमखास: भिंती बंद व्हायच्या आधी, बाथरूममध्ये टाइल्स लागायच्या आधी, ओटा बसायच्या आधी, आणि शेवटचं बिल द्यायच्या आधी. बाकीचं तुमच्या घरातच होण्यासारखं आहे, त्यावर येतेच.

मी हे शहाणपण कुठून शिकले ते पण सांगून टाकते. मी चिंचवडला एका कारखान्यात प्लॅनिंगला होते, वीस वर्षं. कुठलं मटेरियल कधी येणार, कुठलं मशीन कधी रिकामं होणार, याचे तक्ते लावणं हाच धंदा. आणि २०११ ला आमच्या कोथरूडच्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा घरी मात्र साधा कागद पण केला नाही, म्हटलं घरच आहे, होईल. संडासाची लादी बसली, रंग झाला, आम्ही राहायला आलो, आणि तीन आठवड्यांनी खालचे काका वर आले, हातात त्यांच्या छताचा फोटो. सगळं फोडलं परत. नवरा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, ते जास्त लागलं. तेव्हा तू मूर्ख आहेस असं वाटून घेऊ नकोस, तक्ते लावून पोट भरणारी बाई पण इथे आपटलीय.

आता त्या ओलीकडे जाऊ, कारण सोसायटीने काम बंद केलं तर गणपती राहिला बाजूला. ९४ सालची बिल्डिंग म्हणजे तुमचा बाथरूमचा स्लॅब बहुतेक बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असणार, वरचा खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला. जुनी लादी काढताना तो कोबा काढला का, की त्यावरच नवीन काम केलं, हे पहिल्यांदा विचार. नीट करायचं तर खाली स्लॅबपर्यंत जायचं, नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जिथून वाहून जातं ते जाळीखालचं भांडं) आणि पाइप बसवायचे, पाइप स्लॅबमधून जिथे जातो तिथली कड नीट भरायची (गळती बहुतेक वेळा तिथूनच असते, मधल्या जमिनीतून नाही), मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, जमिनीवर तर हवेतच पण भिंतीवरसुद्धा फूटभर चढवून, शॉवरच्या बाजूला अजून वर. मग ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, ४८ तास, पातळीची पेन्सिलने खूण करायची, आणि खालच्या घरी जाऊन छत बघायचं. याला साइटवर पाँडिंग म्हणतात. ते झाल्यावर कोबा, परत पाणी, मग टाइल्स. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल २४ तास पुरे. म्हणू दे. तुझ्याकडे टाइल्स एकदा लागून, फुटून, परत लागल्यात, आणि फोडताना छिन्नीने खालचा कोट दुखावला असणार, निदान भिंतीवरचा तरी. त्यानंतर परत पाणी भरून बघितलं का? तू लिहिलं नाहीस, म्हणजे माझ्या अंदाजाने नाही.

तेव्हा या आठवड्यात, नवीन काही करायच्या आधी, आत्ता आहे त्या स्थितीत पाणी भरून बघ. आणि वेगळं म्हणजे पाइपांचं पण बघ, नळ अजून लागले नसतील तर पाइपांची तोंडं डमी लावून बंद करायची आणि प्लंबरला हातपंपाने प्रेशर द्यायला सांगायचं, त्या पंपावर काटा असतो, तो दोन-चार तासांत खाली आला तर आत कुठेतरी जॉइंट गळतोय. या दोन टेस्टने कळेल की ओल जमिनीतून आहे की पाइपातून. नाहीतर तुम्ही जमीन फोडाल आणि गळका जॉइंट भिंतीत निघेल. काकूंकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, जाऊन सांग की अमुक दिवशी पाणी भरतोय, दोन दिवस तुमच्या छतावर लक्ष ठेवा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला हेच चार ओळीत लिहून दे. लोकांना ओलीपेक्षा आपल्याला कुणी विचारत नाही याचा राग जास्त येतो. सेक्रेटरी पण माणूस आहे, लेखी तारीख हातात असली की त्याला कमिटीत बोलायला तोंड राहतं.

आता गणपती. जूनपासून साधारण बारा-तेरा आठवडे आहेत, म्हणजे होण्यासारखं आहे, पण एक साखळी आहे ती समजून घे. आमच्या धंद्यात त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५७ च्या आसपास अमेरिकेत डुपाँट कंपनीच्या मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडच्या जेम्स केली या दोघांनी ही रीत बसवली, रासायनिक कारखाने बांधताना आणि दुरुस्तीला बंद ठेवताना वेळ कुठे जातो ते शोधायला. तत्त्व साधं आहे, शंभर कामं असली तरी त्यातली एकच साखळी सगळ्यात लांब असते आणि काम तिच्यापेक्षा लवकर संपूच शकत नाही, बाकीच्या कामांत कितीही घाई करा.

तुझ्या घरात ती साखळी किचनमधून जाते, माझी खात्री आहे. चिमणीचं होल, मग पाइप आणि वायरिंग, मग भिंतीच्या टाइल्स आणि ओटा, ओटा बसल्यावरच मॉड्युलर किचनवाला, म्हणजे ओट्याखालच्या ट्रॉल्या करणारा, फायनल माप घेणार (आधी घेतलेल्या मापावर ऑर्डर देऊ नकोस, अर्ध्या इंचाने ड्रॉवर अडकतो), मग फॅक्टरीत तीन ते पाच आठवडे, मग फिटिंगचे तीन-चार दिवस. याच्यात ट्रॉल्या फॅक्टरीत असतानाचे पाच आठवडे तुम्ही काहीही केलं तरी कमी होत नाहीत. म्हणजे ओटा जूनअखेर बसला पाहिजे. जुलैअखेर बसला तरी कागदावर कदाचित जमेल, पण एखादा मुसळधार आठवडा लोकल बंद आणि माणसं गैरहजर असा जातोच जातो, आणि तुझे कारागीर कोकणातले असतील तर गणपतीच्या आधी आठ दिवस ते गाडीत बसून गावाला निघालेले असणार. आणि तू मात्र मला रंगाच्या शेडबद्दल पण लिहिलं होतंस, ते मी कापलं. रंग या साखळीत शेवटी येतो, जुलैमध्ये ठरवला तरी चालेल. चिमणीचं होल आज पाहिजे. सोसायटीला विचारून, कारण ते बाहेरच्या भिंतीला पडणार, आणि हातोड्याने नाही, कोअर कटिंगवाला बोलाव, तो गोल आणि स्वच्छ पाडतो.

आणि ठरवायच्या गोष्टी आधी ठरव. सगळा उशीर कारागीर करतात असं नाही गं, निम्मा घरचे करतात. शॉवरचा डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा खटका) कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर महिनाभर चर्चा चालते, आणि कुणाला माहीत नसतं की डायव्हर्टरची बॉडी भिंतीच्या आत जाते, झिरी, म्हणजे भिंतीतली खाच, किती खोल मारायची ते त्या मॉडेलवर ठरतं, त्यामुळे ती वस्तू हातात आल्याशिवाय प्लंबर झिरीच मारू शकत नाही, मारली तर अंदाजाने मारतो. बेसिन, कमोड, गीझर, सिंक, हॉब, एसी, सगळ्याचं तेच. दुसऱ्या बाथरूमचं काम अजून व्हायचं असेल तर त्यातली एकूण एक वस्तू आधी घरात आणून ठेव किंवा निदान मॉडेल नंबर पक्का कर. टाइल्स घेताना बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर सगळ्यांवर एकच आहे का बघ, दहा टक्के जास्त घे, आणि एक बॉक्स माळ्यावर ठेवून दे. दोन बाय दोनच्या बॉक्समध्ये चार येतात, सोळा स्क्वेअर फूट, फार जागा नाही लागत. दोन वर्षांनी एक टाइल फुटली तर ते डिझाइन बाजारात मिळेल या भ्रमात राहू नकोस.

वायरिंगच्या भिंती अजून उघड्या असतील तर आजच फोटो काढ, प्रत्येक भिंतीचा, मेजरिंग टेप लावून, म्हणजे पाइप आणि वायर जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती इंचावर आहे ते दिसेल. याला खर्च शून्य. पुढे कधी खिळा ठोकायचा असेल, गीझर बदलायचा असेल, तेव्हा त्या फोटोंची किंमत कळते. वायरमनला विचार की गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमची वायर टाकलीय का, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) आहे का. तो तुझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागेल, तेवढं पण पुष्कळ असतं. प्लाय ओट्याखाली आणि बाथरूमच्या जवळ वापरताना त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघ, आयएस ३०३ चं एमआर ग्रेड म्हणजे साधं कमर्शियल, बेडरूमला ठीक, पाण्याजवळ नको.

पैसे. हे मला सगळ्यात जास्त खुपलं. नऊतले साडेसहा दिले, म्हणजे जवळजवळ ७२ टक्के, आणि काम तुझ्या वर्णनावरून अर्ध्याच्या आसपास असावं. त्याला गुर्मी आहे ती याच्यामुळे. पण म्हणून त्याला हाकलून दे असं मी लगेच सांगणार नाही, लोक रागात हाकलतात आणि मग कळतं की दुसऱ्याचं अर्धवट काम नवीन कॉन्ट्रॅक्टर घ्यायला तयार होत नाही, घेतलं तर जास्त पैसे सांगतो आणि आधीच्या वॉटरप्रूफिंगची गॅरंटी तर कधीच घेत नाही, गळलं की त्याच्याकडे बोट. याच माणसाकडून पूर्ण करून घेता आलं तर बघ. त्या इंजिनियरला घेऊन एक रविवार बसा, घरातून फिरत प्रत्येक काम मोजा, काय झालं, काय राहिलं, राहिलेल्याला किती लागणार, हे सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्या. सुताराच्या कामात माप कसं धरलंय ते लिही, म्हणजे वॉर्डरोबची समोरून उंची गुणिले रुंदी, की आतले कप्पे वेगळे धरलेत. शेवटी भांडण तिथेच होतं.

मग राहिलेले अडीच लाख तुकड्यांत बांध. खिडक्या बसल्या की इतके, पाणी भरून ४८ तास खाली कोरडं राहिलं की इतके, ओटा बसला की इतके, असं. तारखेवर पैसे नाही, झालेल्या कामावर. आणि शेवटचे पन्नास-साठ हजार, म्हणजे मूळ नवाच्या सहा-सात टक्के, राहायला गेल्यानंतर दोन महिन्यांनी, पाऊस अंगावर घेऊन झाल्यावर. तो कुरकुरेल. पण काम संपवण्यात त्याचा काही स्वार्थ उरला पाहिजे ना, आत्ता उरलाच नाहीये.

मिस्टरांना सांग की ओळखीचा माणूस आहे म्हणूनच लिहायचं. अनोळखी माणसाशी भांडण झालं तर माणूस जातो, ओळखीच्याशी झालं तर मित्र पण जातो. आणि जादा काम निघालं, निघतंच, भिंत उघडली की सडलेला पाइप दिसतो, तर त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर एक मेसेज: हे जादा, इतके रुपये, इतके दिवस वाढणार, आणि समोरून ओके. तोंडी जादा काम म्हणजे शेवटच्या बिलातला बॉम्ब.

आणि तो व्हॉट्सअॅप ग्रुप! तू लिहिलंयस की 'नवीन घर' नावाच्या ग्रुपवर नऊ जण आहेत आणि कॉन्ट्रॅक्टर पण त्यातच, नणंद बंगळुरूहून टाइल्सचे फोटो टाकते आणि मिस्टर अंगठा दाखवतात. अगं मग त्या बिचाऱ्याने कुणाचं ऐकायचं? लॅमिनेट चुकीचं आलं म्हणतेस, मला तर शंका आहे की कुणाच्या तरी अंगठ्यावर ते आलं. घरात वाटेल तेवढं भांडा, पण मिस्त्रीला सांगणारं तोंड एकच पाहिजे. ते तू हो किंवा मिस्टर, पण एक. कॉन्ट्रॅक्टरला त्या ग्रुपमधून काढ, वेगळा ग्रुप कर, त्यात तो, तू, इंजिनियर आणि अजून एक माणूस.

तो अजून एक माणूस म्हणजे तुझे सासरे.

हो. ते म्हणतात ना, संगमेश्वरला घर बांधलं तेव्हा कुठला मॅनेजर होता. त्यांना जरा विचार, जांभ्याचे चिरे गाडीतून उतरताना मोजून कोण घेत होतं, कोपरा तुटलेला चिरा बाजूला कोण काढत होतं, गवंडी किती आले आणि बिगारी किती, संध्याकाळी वहीत कोण लिहीत होतं, भिंतीवर पाणी मारलं की नाही ते सकाळ-संध्याकाळ कोण बघत होतं. ते स्वतःच असणार. मॅनेजर होताच, तो बिनपगारी होता आणि दिवसभर पडवीत बसलेला होता, म्हणून कुणाला दिसला नाही. तुम्ही डोंबिवलीत काम काढलं तेव्हा ती खुर्ची रिकामी राहिली एवढंच झालं, आणि ते गल्लीपलीकडे भाड्याच्या घरात टीव्ही बघत बसलेत आणि तू सुट्ट्या काढतेयस.

त्यांना जाऊन सरळ सांग, बाबा, मला जमत नाहीये, तुम्ही बघाल का. सल्ला विचारायचा नाही, काम द्यायचं. एक जाड वही, रोज सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी पाचला एक फेरी, तिसरा मजला आहे, लिफ्ट नसेल तर एकच फेरी. वहीत तीन गोष्टी: आज कोण आले, काय झालं, उद्या काय होणार आणि त्याला लागणारं सामान घरात आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण टाइल्सवाला येतो आणि सिमेंट नसतं, असा एक दिवस गेला की तो माणूस दुसऱ्या साइटवर पळतो आणि चार दिवस येत नाही. सिमेंटच्या गोण्या, टाइल्सचे बॉक्स, प्लायचे ताव आले की मोजून सही. ओट्याखालच्या आणि भिंतीच्या नवीन गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारलं जातंय का ते बघणं, हे तर ते इंजिनियरपेक्षा चांगलं बघतील. फक्त एक अट आधीच गोडीत सांग, की बाबा, गवंड्याला परस्पर काही बदलायला सांगायचं नाही, वाटलं तर वहीत लिहा, आपण रात्री बोलू. ओट्याची उंची ३३ इंच ठेवायची की ३५ हे आईंनी आणि तू उभं राहून, हातात लाटणं घेऊन ठरवा. बाबांनी नाही आणि कॉन्ट्रॅक्टरने तर नाहीच.

ते पहिले दोन दिवस कुरकुरतील की हे काय हजेरी घेणं. तिसऱ्या दिवशी त्या वहीशिवाय जेवणार नाहीत, माझे सासरे असेच होते.

मिस्टरांकडे पैशांचा कागद आणि कॉन्ट्रॅक्टरशी बोलणं दे, मित्राचा चुलतभाऊ आहे ना, मग अवघड बोलणं पण त्यांनीच करायचं. तुझ्याकडे फक्त रविवार: वही वाच, पुढच्या दोन आठवड्यांत काय अडू शकतं ते बघ, आणि ते सोडव. सुट्ट्या बंद. उरलेल्या गणपतीला लागतील.

उद्या खिडकी, शुक्रवारी पाणी भर, रविवारी मोजमाप. काकूंचं छत कोरडं राहिलं की नाही ते मला कळव, नसेल राहिलं तर पातळी किती इंच उतरली ते पण लिही आणि पाइपांच्या प्रेशरचा काटा काय दाखवत होता ते, म्हणजे पुढच्या आठवड्यात नेमकं कुठे फोडायचं ते सांगता येईल.